मुशीला एकदा तरी आई होऊ द्या

परळी वैजनाथहून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. आमच्याकडे मासा म्हटला की धरणातला राहू, कटला, नशीब असेल तर मरळ, आणि बाजारातले सुकट-बोंबील. तरीही मराठवाड्यातल्या असंख्य घरांत असा एक तरी माणूस सापडेल, ज्याने खऱ्या शार्क माशाला हात लावला आहे. ओळखीतल्या कोणत्याही जुन्या बी.एस्सी. पदवीधराला विचारा. प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकात मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणून ठेवलेला, फॉर्मॅलिनच्या उग्र वासाचा, हातभर लांबीचा तो राखाडी मासा त्यांना आठवेल. त्याचे नाव ‘स्कोलिओडॉन’.

भारतभर पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी शरीररचना शिकली ती या माशावर. लखनौच्या इसाबेला थॉबर्न महाविद्यालयातील प्राध्यापिका थिल्लयंपलम यांनी १९२८ साली त्याच्यावर एक सचित्र ग्रंथ लिहिला आणि पुढे अनेक वर्षे तो आधार मानला गेला. शंभर वर्षांपूर्वी एका स्त्रीने समुद्रातल्या शार्कच्या शिरा-धमन्यांचा एवढा बारीक अभ्यास केला, ही गोष्ट आम्ही आमच्या वर्गातल्या मुलींना आवर्जून सांगतो.

कॉलेजच्या भाषेत जो स्कोलिओडॉन, तोच किनाऱ्यावर मुशी. सिंधुदुर्गाकडे त्याला मोरी म्हणतात. कोकणातल्या मुस्लिम घरांतही दस्तरखानावर मुशीचे कालवण आणि सुके नवे नाही. पण ही रोजच्या ओळखीची मुशी आज संकटाच्या उंबरठ्यावर उभी आहे, आणि तिचे मोठे भाऊबंद तो उंबरठा कधीच ओलांडून गेले आहेत. असे का झाले, हे समजायचे तर मुशी पिल्ले कशी जन्माला घालते, ते आधी पाहावे लागेल.

मासा खरा, पण रीत वेगळी

शार्क म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर सिनेमातला अक्राळविक्राळ जबडा येतो. शार्कच्या नावाचा दरारा फार जुना आहे. अरबीत शार्कला ‘किर्श’ म्हणतात. कुरैश या नावाच्या ज्या अनेक व्युत्पत्ती जुन्या भाषापंडितांनी दिल्या आहेत, त्यांपैकी एक या किर्शपाशीच जाते : इतर जलचरांवर हुकूमत गाजवणारा समुद्रातला प्राणी. दुसरी व्युत्पत्ती व्यापार आणि एकत्र जमणे यांच्याशी जोडलेली आहे. शब्दाचा निवाडा पंडितांनी करावा, पण अरबी समुद्राच्या पलीकडच्या किनाऱ्यावरही हा मासा लोकांच्या बोलण्यात किती मुरला होता, हे यातून कळते.

आपली मुशी मात्र या दराऱ्याच्या मानाने अगदीच लहान. तिची लांबी फार तर पाऊण मीटर, बहुतेक वेळा त्याहून बरीच कमी. तोंडाचा पुढचा भाग फावड्यासारखा चपटा. पाठ राखाडी, पोट पांढरे. किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात आणि खाड्यांच्या तोंडाशी ती थव्याने राहते. लहान मासे, कोळंबी, माकुळ हे तिचे अन्न. माणसाला तिच्यापासून काही धोका नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये पालघर जिल्ह्यात मनोरजवळ वैतरणेच्या पाण्यात एका माणसाला शार्क चावल्याची बातमी सर्वांनी वाचली असेल. ती मोठ्या जातीची शार्क होती आणि असा प्रसंग आपल्या किनाऱ्यावर अत्यंत विरळ.

मुलांचा एक नेहमीचा प्रश्न असतो : शार्क पिल्ले घालते, मग ती मासा कशी? उत्तर असे की ती मासाच आहे. ती कल्ल्यांनी श्वास घेते, तिला पर असतात, ती पिल्लांना दूध पाजत नाही. व्हेल आणि डॉल्फिन हे सस्तन प्राणी आहेत, शार्क नाही. तिच्या खाण्यासंबंधीचा मसला कुणाच्या मनात असेल तर तो आपल्या मसलकाच्या जाणकार आलिमांना विचारावा. आम्ही शाळेचे मास्तर, आम्ही जीवशास्त्रापुरते बोलतो.

इतर माशांपेक्षा तिची ठेवण वेगळी आहे ती अशी. तिच्या अंगात हाडे नसतात. सगळा सांगाडा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीत वरच्या बाजूला जो लवचीक भाग असतो तशा पदार्थाचा. म्हणून तर मुशीत काटे नसतात. तिच्या कातडीवर खवल्यांऐवजी दातांसारखे अतिसूक्ष्म कण असतात. शेपटीकडून डोक्याकडे हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखे खरखरते. इतर बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते, तीही तिला नाही. त्याऐवजी तेलाने भरलेले भले मोठे यकृत तिला पाण्यात तरंगायला मदत करते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात परदेशातून येणारे कॉड माशाचे तेल बंद पडले, तेव्हा आपल्या देशात शार्कच्या यकृताचे तेल काढण्याचे कारखाने निघाले, ते यामुळेच. तिच्या तोंडाभोवती बारीक छिद्रे असतात. चिखलात दडलेल्या भक्ष्याच्या शरीरातून निघणारी अत्यंत क्षीण वीज या छिद्रांतून तिला जाणवते. गढूळ पाण्यात डोळ्यांचा उपयोग नसतो, तिथे कुदरतीने तिला हे वेगळे साधन दिले आहे.

आणि तो वास? मुशी धुताना नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येतो, याची तक्रार प्रत्येक गृहिणी करते. समुद्राच्या खाऱ्या पाण्याशी शरीराचा मेळ राखण्यासाठी शार्क आपल्या रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवते. मासा मेल्यावर जिवाणू या युरियाचा अमोनिया करतात. म्हणजे वास जितका उग्र, तितका मासा शिळा. कोकणात मुशीला आंबटाची जोड देतात. आमसूल, चिंच किंवा लिंबू यांतील आम्ल अमोनियाला मारते. शाळेत आम्ल आणि आम्लारी शिकवताना आम्ही हेच उदाहरण देतो.

एक मिलीमीटरचे अंडे आणि आईची वार

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. बांगडा, सुरमई यांसारखे मासे पाण्यात हजारो-लाखो अंडी सोडतात. त्यांतली बहुतेक इतर जिवांच्या पोटात जातात, पण जी थोडी वाचतात त्यांच्यावर पुढची पिढी उभी राहते. अशा माशांची संख्या घटली आणि दोन-चार हंगाम नीट विश्रांती मिळाली, तर ती भरून निघण्याची शक्यता असते.

मुशीचा हिशेब वेगळा आहे. तिचे अंडे आईच्या पोटातच राहते आणि ते केवळ एक मिलीमीटरच्या आसपास असते. इतके लहान अंडे दुसऱ्या कोणत्याही शार्कचे नाही. एवढ्याशा अंड्यात पिल्लाला पुरेल असा बलक मावणार कसा? म्हणून गर्भ लवकरच आईच्या गर्भाशयाशी जोडला जातो, तिथे वार तयार होते आणि नाळेतून त्याला पोषण मिळू लागते. आपण माणसाच्या बाबतीत जे शब्द वापरतो, वार आणि नाळ, तेच इथेही लागू पडतात. ही व्यवस्था मुशीत इतकी विकसित आहे की जगभरच्या शास्त्रज्ञांना तिचे कुतूहल वाटत आले आहे. सुमारे पाच ते सहा महिन्यांच्या गर्भारपणानंतर पिल्ले जन्मतात. ती १२ ते १५ सेंटिमीटर लांब असतात, आणि जन्मल्या क्षणापासून त्यांना स्वतःचे पोट स्वतः भरावे लागते. एका वेळी साधारण सहा ते अठरा पिल्ले होतात. आई जितकी मोठी तितकी पिल्ले जास्त.

एका बाजूला लाखो अंडी, दुसऱ्या बाजूला दहा-पंधरा पिल्ले. मुशीची सारी भिस्त या मोजक्या पिल्लांवर असते. त्यातून मादी साधारण ३३ ते ३५ सेंटिमीटर लांबीची झाल्याशिवाय आई होण्याजोगी होत नाही. याच्या आत ती जाळ्यात सापडली, तर तिच्यामागे काहीच उरत नाही.

दुसरी अडचण कॅलेंडरची. आपल्या किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते. पावसाळ्यात अंडी घालणाऱ्या माशांना तिचा मोठा फायदा होतो. मुशी मात्र वर्षभर विते. जानेवारीतही तिच्या पोटात पिल्ले असतात आणि ऑक्टोबरमध्येही. पावसाळी बंदी तिला दोन महिन्यांचा श्वास देते, पण उरलेल्या दहा महिन्यांतल्या गाभण माद्यांना त्या बंदीचे छत्र नाही.

उंबरठ्यावर कोण, पलीकडे कोण

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ जगातल्या प्राण्यांची ‘लाल यादी’ ठेवतो. त्या यादीत आपली मुशी ‘संकटाच्या जवळ’ या वर्गात आहे. तिच्याच आकाराच्या आसपासची, आपल्या बंदरांवर नेहमी दिसणारी ‘मिल्क शार्क’ त्याच्या पुढच्या, ‘असुरक्षित’ वर्गात गेली आहे. आणि हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशी? तिची एक प्रमुख जात आता ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, म्हणजे नष्ट होण्याच्या आधीची शेवटची पायरी. ही कानमुशी तीन-चार मीटरपर्यंत वाढते, तिला वयात यायला अनेक वर्षे लागतात, आणि तिची पिल्ले किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात वाढतात, जिथे जाळी सर्वांत दाट असतात.

ही फक्त आपल्या किनाऱ्याची कहाणी नाही. जगात शार्क आणि त्यांच्या नात्यातल्या पाकट माशांच्या मिळून हजाराहून अधिक जाती आहेत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक आढाव्यानुसार त्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक जाती संकटात आहेत, आणि त्याचे मुख्य कारण एकच, अतिमासेमारी. खुल्या महासागरातल्या शार्क व पाकटांची संख्या १९७० नंतरच्या अर्धशतकात सुमारे ७१ टक्क्यांनी घटली, असे त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासाने दाखवले. सर्वाधिक शार्क पकडणाऱ्या देशांच्या पहिल्या रांगेत भारत आहे.

यात गंमत अशी की आपल्याकडचे बहुतेक मच्छीमार मुद्दाम शार्कच्या मागे जात नाहीत. ट्रॉलर कोळंबीसाठी समुद्राचा तळ खरवडत जातो आणि त्याच जाळ्यात मुशी येते. डोल जाळे बोंबील-जवळ्यासाठी लावलेले असते, त्यातही मुशीची पिल्ले अडकतात. जाळे वर येते तेव्हा त्यातली बरीच मेलेली असतात. मुशीला बाजारभाव आहे, त्यामुळे ती परत पाण्यात टाकण्याचे कारणही उरत नाही.

मुशी गेली तर काय बिघडेल, असे कुणी विचारील. मुशी लहान मासे आणि कोळंबी खाऊन त्यांची संख्या आटोक्यात ठेवते, आणि मोठे मासे तिला खातात. साखळीची अशी मधली कडी निघाली की वरच्या-खालच्या दोन्ही बाजूंचा तोल जातो. आणि समुद्राचा तोल गेला की सर्वांत आधी चूल विझते ती मच्छीमाराची.

दोन कायद्यांची कहाणी

मासा वाचवायचा तर बंदी घाला, हे सोपे उत्तर. २००१ साली ते करून पाहिले गेले. त्या वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने सर्वच शार्क आणि पाकट माशांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच रोज जाळ्यात येणाऱ्या मुशीला. किनाऱ्यावरच्या लाखो लोकांच्या रोजी-रोटीचा प्रश्न उभा राहिला, जोरदार विरोध झाला, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये यादी दहा जातींवर आणावी लागली. मुशी त्यातून बाहेर पडली.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट व्हेल शार्कची. हा जगातला सर्वांत मोठा मासा, बारा मीटर किंवा त्याहूनही लांब वाढणारा आणि स्वभावाने अगदी गरीब, सूक्ष्म जीव गाळून खाणारा. गुजरातच्या सौराष्ट्र किनाऱ्यावर तेलासाठी आणि मांसासाठी त्याची मोठी शिकार व्हायची. माइक पांडे यांच्या माहितीपटाने ती जगासमोर आणली, आणि मे २००१ मध्ये त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. पण इथे काम कायद्यावर थांबले नाही. २००४ पासून मच्छीमार वस्त्यांत मोहीम सुरू झाली. कथाकार मोरारीबापूंनी या माशाला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिली. लेकीला कोण मारील? शिवाय जाळे कापून मासा सोडणाऱ्याला जाळ्याची भरपाई मिळू लागली. त्यानंतर तिथल्या मच्छीमारांनी शेकडो व्हेल शार्क जिवंत सोडले आहेत.

महाराष्ट्रानेही डिसेंबर २०१८ पासून अशी योजना आणली. संरक्षित समुद्री प्राणी जाळ्यात अडकला आणि मच्छीमाराने जाळे कापून तो सोडला, तर फोटो किंवा चित्रफितीच्या पुराव्यावर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. कोकणच्या मच्छीमारांनी तिचा उपयोग करून कासवे, डॉल्फिन आणि व्हेल शार्क सोडले आहेत.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की धडा स्पष्ट होतो. ज्याच्या हातात जाळे आहे त्याला गुन्हेगार ठरवून मासा वाचला नाही. त्याचे नुकसान वाटून घेतले, तेव्हा वाचला. रत्नागिरीच्या राजिवडा, मिरकरवाडा भागांत दालदी मुस्लिम कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगत आली आहेत. कोळी, भंडारी, गाबीत बांधवही तसेच. मुशीचा विचार करताना या घरांचा विचार सोडून चालणार नाही.

यानंतर काही चांगली पावले पडली. २०१३ मध्ये शार्कचे पर कापून धड समुद्रात फेकण्याला मनाई झाली, पर अंगासह आणणे बंधनकारक झाले. २०१५ मध्ये परांच्या निर्यातीवर बंदी आली. २०२२ मध्ये पनामा येथे झालेल्या ‘साइट्स’ परिषदेत मुशी ज्या कुळात मोडते त्या सबंध कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण आणण्याचा ठराव झाला. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवून दिला. किमान आकारामागचा विचार साधा आहे : प्रत्येक माशाला निदान एकदा प्रजननाची संधी मिळावी. मुशीला नेमकी याचीच गरज आहे.

प्रयोगशाळेतही बदल झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याच्या सूचना दिल्या आणि २०१४ मध्ये ते बंद केले. आता परळी असो वा पुणे, स्कोलिओडॉन शिकायचा तो तक्ता, प्रतिकृती आणि संगणकावर. शिकण्यात फारसे काही उणे पडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

घरात, बाजारात, शाळेत

कोकणात राहणाऱ्या, किंवा मुंबई-ठाण्यात मासळी घेणाऱ्या आमच्या वाचक बहिणींना एक सोपी युक्ती सांगतो. मुलांच्या दप्तरात ३० सेंटिमीटरची पट्टी असतेच. बाजारातली अख्खी मुशी त्या पट्टीहून आखूड असेल, तर तिने अजून पिल्ले दिलेली नाहीत, असे जवळजवळ खात्रीने समजावे. अशी मुशी घेऊ नये. चार घरांनी नाकारली की कोळीणताईसुद्धा होडीवाल्याला सांगेल. हातोडीसारख्या डोक्याची कानमुशी मात्र कोणत्याही मापाची घेऊ नये. टोपलीत मावणारी कानमुशी म्हणजे पिल्लूच असते.

दुसरी गोष्ट आरोग्याची. बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशी खाऊ घालण्याची रीत किनाऱ्यावर जुनी आहे. तिच्यामागची माया आम्ही समजू शकतो. पण समुद्राच्या पाण्यातला पारा लहान माशांतून मोठ्या माशांत साठत जातो, आणि मोठ्या, दीर्घायुषी शार्कच्या मांसात तो बराच असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने गरोदर स्त्रिया, स्तनदा माता आणि लहान मुले यांनी शार्क टाळावी, असा स्पष्ट सल्ला दिला आहे. आपली मुशी लहान असल्याने तिच्यात हे प्रमाण कमी असणार, पण सोलून तुकडे केलेला मासा मुशी आहे की मोठ्या शार्कचे पिल्लू, हे ओळखणे कठीण असते. त्यामुळे बाळंतिणीसाठी बांगडा, तारली असे लहान मासे अधिक बरे. त्यांत पोषणही आहे आणि शंका कमी आहे.

तिसरी गोष्ट शिक्षकांसाठी. मराठवाड्यातल्या मुलाला समुद्र दूरचा वाटतो, म्हणून समुद्राचा धडा आपण घाईने उरकतो. असे करू नये. अंडी घालणारे आणि पिल्ले देणारे प्राणी शिकवताना मुशीचे उदाहरण घ्यावे. फळ्यावर एका बाजूला सुरमईची लाखो अंडी आणि दुसऱ्या बाजूला मुशीची बारा पिल्ले मांडावीत, आणि मुलांनाच विचारावे : दोघांनाही सारख्याच जाळ्याने पकडले तर आधी कोण संपेल? उत्तर पाचवीचे मूलसुद्धा देते.

किनाऱ्यावरच्या आमच्या भावांना एक विनंती आहे. मच्छीमार सोसायटीच्या बैठकीत मुशीच्या आकाराचा विषय जरूर काढावा. कोणत्या महिन्यात, कोणत्या खाडीच्या तोंडाशी पिल्ले जास्त सापडतात, हे कुठल्याही पुस्तकापेक्षा तुम्हाला अधिक ठाऊक आहे. तेवढ्या जागा तेवढ्या दिवसांपुरत्या सोडण्याचे ठरले, तर तो निर्णय तुमचा असेल आणि मुशीही तुमच्या मुलांसाठी उरेल. जिथे असे ठरेल, तिथल्या बांधवांनी या मासिकाला जरूर कळवावे. परळीत बसलेल्या आम्हांला ते वर्गात सांगायचे आहे.